तोल सावरण्याची तालीम

दोन पायांवर स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले, तर त्याचे शरीर निश्चल आहे असे वाटते. परंतु तीच अवस्था सूक्ष्म उपकरणांनी टिपली, तर ते शरीर क्षणोक्षणी किंचित पुढे झुकत, मागे येत, डावी-उजवीकडे कलत असल्याचे आढळते. शरीराचे सगळे वजन ज्या बिंदूत एकवटले आहे असे मानता येते त्याला गुरुत्वमध्य म्हणतात, आणि उभ्या माणसात तो ओटीपोटाच्या पातळीवर, कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या म्हणजे त्रिकास्थीच्या किंचित पुढे असतो. दोन्ही पावले आणि त्यांच्यामधली जागा मिळून जे आधारक्षेत्र तयार होते, त्याच्या हद्दीत या बिंदूतून खाली सोडलेली लंबरेषा राखणे म्हणजे तोल सांभाळणे. चालताना ही अट पावलागणिक मोडली जाते, कारण चालण्याच्या एकूण काळापैकी सुमारे ८० टक्के काळ शरीर एकाच पायावर असते आणि ते पुढे कलंडू लागले की दुसरे पाऊल त्याला झेलते. उतारवयात माणूस पडतो तो बहुधा हे झेलणारे पाऊल वेळेवर किंवा योग्य जागी पडले नाही म्हणून, आणि व्यायामाने सुधारता येते तेही मुख्यतः हेच.

या कामासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून सतत खबर मिळत असते. डोळे आजूबाजूच्या उभ्या-आडव्या रेषांवरून शरीराचा कल सांगतात. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे, तर त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या डोक्याचे झुकणे आणि सरळ रेषेतील वेगबदल टिपतात. आणि तळपायांची त्वचा, घोट्यांचे सांधे व स्नायू यांतील संवेदक जमीन कशी आहे आणि पाय नेमका कुठे आहे हे कळवतात. या तिन्ही बातम्यांचा मेळ घालण्याचे काम प्रामुख्याने लहान मेंदू करतो आणि एक बातमी अंधुक झाली तर उरलेल्या दोन तिची उणीव भरून काढतात. बर्लिनचे चेतासंस्थेचे तज्ज्ञ मोरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे रुग्णांवर पाहिले. मज्जारज्जूच्या विकारामुळे ज्यांच्या पायांची जाणीव हरपली होती, असे रुग्ण उघड्या डोळ्यांनी उभे राहू शकत, परंतु पाय जुळवून डोळे मिटायला सांगताच डोलू लागत. ही तपासणी आजही त्यांच्या नावाने केली जाते. जुन्या मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेले अनेक वृद्ध दिवसा उजेडात व्यवस्थित वावरतात आणि बेसिनपाशी वाकून, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मात्र झोक जाऊन आदळतात, त्याचे कारण हेच आहे. अशा वेळी फरशीला दोष दिला जातो, परंतु फरशी कोरडीच असते.

वयाबरोबर या तिन्ही वाटा मंदावतात हे खरे असले, तरी त्याहून मोठा फरक स्नायूंमध्ये पडतो. वाढत्या वयात स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद घटण्याच्या प्रक्रियेला 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले. या प्रक्रियेतील महत्त्वाची गोष्ट अशी की, सर्व स्नायुतंतू सारख्या प्रमाणात झिजत नाहीत. सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे तंतू बरेचसे टिकून राहतात, आणि क्षणार्धात जोर लावणारे शीघ्र तंतू आधी बारीक होतात. त्यामुळे रोज तासभर फिरायला जाणारे आजोबा न थकता चालू शकतात, परंतु उंबरठ्याला अंगठा अडकल्यावर पाव-अर्ध्या सेकंदात पाय पुढे टाकण्याची वेळ येते तेव्हा त्यांचे स्नायू उशिरा जागे होतात. दमसास आणि चपळाई या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि तोल सावरण्याच्या क्षणी उपयोगी पडते ती चपळाई.

पडण्याकडे वृद्धापकाळातील अटळ गोष्ट म्हणून पाहिले जाते; या समजुतीची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्युमुखी पडतात; अपघाती दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे, आणि यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पासष्टीपुढच्या लोकांपैकी साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. खुब्याच्या हाडाचे बहुतेक सर्व अस्थिभंग पडण्यातूनच होतात, आणि खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी अनेकांना शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पूर्वीसारखे आपले आपण वावरणे पुन्हा साधत नाही.

माणसे नेमकी कशी पडतात, याविषयीची माहिती दीर्घकाळ पडलेल्या व्यक्तीच्या आठवणीवरच अवलंबून होती, आणि ती आठवण भरवशाची नसते. 'पाय घसरला' हे उत्तर ठरलेले असते. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाचे स्टीफन रोबिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हँकुव्हर परिसरातील दोन वृद्धनिवासांमध्ये सामाईक जागांत कॅमेरे लावून १३० जणांच्या २२७ पडण्यांचे चित्रण तपासले आणि २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सर्वाधिक, म्हणजे ४१ टक्के वेळा कारण होते वजनाचा चुकीचा सरकाव: वळताना, खुर्चीत बसताना किंवा नुसते उभे असताना शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्यात झालेली गफलत. अडखळून पडण्याचे प्रमाण २१ टक्के होते, तर निव्वळ घसरण्याचे फक्त ३ टक्के. कोरड्या, उबदार कॅनेडियन इमारतीतले हे आकडे कोकणातल्या पावसाळी अंगणाला किंवा ओल्या मोरीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही न्हाणीघरात रबरी चटई टाकली आणि भिंतीला दांडा बसवला की काम झाले, असे मानणाऱ्यांनी या चित्रणाचा विचार करायला हवा; दांडा आवश्यक आहेच, पण बहुतेकदा बिघाड जमिनीत नसून वजन सरकवण्याच्या कौशल्यात असतो.

तोल ढळू लागला की शरीर तीन प्रकारे उत्तर देते. धक्का हलका असेल तर घोट्यांतूनच सारे शरीर मागे-पुढे करून तो जिरवला जातो. जरा मोठा असेल तर कमरेतून वाकून गुरुत्वमध्य जागेवर आणला जातो. आणि त्याहून मोठा असेल तर पाऊल टाकून आधारक्षेत्रच बदलले जाते. व्यायामाचा हेतू या तिन्ही उत्तरांचा सराव घडवणे हा असल्यामुळे, ज्या व्यायामात तोल जराही डळमळत नाही तो या कामासाठी फारसा उपयोगी नाही. खुर्चीत बसून हात-पाय हलवणे किंवा गादीवर पडून पाय उचलणे यांचे स्वतंत्र फायदे आहेत, परंतु त्यांत मेंदूला सावरण्याचा प्रश्न सोडवावाच लागत नाही. सुरक्षितता सोडायची नाही आणि तरीही थोडे डळमळायचे, अशी ही तारेवरची कसरत आहे.

या तत्त्वावर उभारलेला आणि सर्वाधिक तपासला गेलेला कार्यक्रम न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात, ओटागो विद्यापीठात, जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला. त्यांच्या पहिल्या चाचणीत ८० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या, घरीच राहणाऱ्या २३३ स्त्रिया होत्या. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांकडे फिजिओथेरपिस्टने पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी जाऊन व्यायाम शिकवले आणि उरलेल्यांकडे तितक्याच वेळा नुसती भेट देण्यात आली. वर्षअखेर भेटी मिळालेल्या गटात एकूण १५२ वेळा पडण्याची नोंद झाली, तर व्यायाम करणाऱ्या गटात ८८ वेळा. हे निष्कर्ष १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापले. कार्यक्रमात यंत्रे नव्हती. घोट्याला बांधायची वाळूसारख्या भरावाची वजने, मांडी आणि पोटऱ्यांसाठी काही हालचाली, टाचेला चवडा जुळवून उभे राहणे व चालणे, नुसत्या टाचांवर आणि नुसत्या चवड्यांवर चालणे, मागे चालणे, आडवे चालणे, इंग्रजी आठच्या आकड्यात वळत चालणे, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, असे त्याचे स्वरूप होते. आठवड्यातून तीनदा सुमारे अर्धा तास व्यायाम, आणि त्याखेरीज निदान दोनदा चालणे. वळण्याचा आणि मागे जाण्याचा सराव ज्या अगत्याने यात घेतला आहे, त्यावरून हे संशोधक कॅमेऱ्यांच्या आधीच दुखण्याच्या मुळाशी पोहोचले होते असे म्हणावे लागते.

पुढे असे अनेक प्रयोग झाले. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये कॅथरीन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात २५ देशांतील १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक सहभागी होते. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण एकूण २३ टक्क्यांनी घटले. तोल आणि दैनंदिन हालचालींच्या व्यायामांना ताकदीच्या व्यायामाची जोड दिल्यास ही घट सुमारे ३४ टक्क्यांपर्यंत गेलेली दिसली. केवळ चालण्याच्या कार्यक्रमांनी पडणे कमी होते, असे मात्र या आढाव्यातून सिद्ध झाले नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे सकाळचा फेरफटका असे समीकरण पक्के झालेले असल्यामुळे हा मुद्दा अधोरेखित करणे भाग आहे. चालणे हृदयाला, रक्तातील साखरेला आणि मनाला हितकारक आहे. पण सपाट रस्त्यावर सरळ चालत राहणाऱ्याला मागे जाण्याचा, एका पायावर थांबण्याचा किंवा झटकन वळण्याचा प्रसंग येत नाही, आणि ज्याचा तोल आधीच कच्चा आहे त्याला भरभर चालायला लावणे उलट धोक्याचेही ठरू शकते.

चीनमधल्या ताई ची या संथ व्यायामप्रकाराची कामगिरी या कसोटीवर चांगली ठरली आहे. त्यात गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर अत्यंत सावकाश न्यायचा असतो, म्हणजे व्हँकुव्हरच्या चित्रणात जिथे चूक होताना दिसली तीच हालचाल शेकडो वेळा घोटली जाते. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये फुझाँग ली यांनी ६७० वृद्धांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ताई चीवर आधारलेला कार्यक्रम करणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी आढळले. योगासनांच्या बाबतीत इतका भक्कम पुरावा अद्याप जमलेला नाही, आणि 'योग केला की तोल सुधारतो' असे सरसकट विधान करणे योग्य नव्हे. योगवर्गात काय केले जाते यावर ते अवलंबून आहे. ताडासन, वृक्षासन, वीरभद्रासन ही उभ्याची आसने तोलाची कसोटी पाहतात, पण ज्येष्ठांच्या वर्गात बहुतेक वेळ बैठक, प्राणायाम आणि शवासनात जातो. पुण्यात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, दोर, खुर्ची आणि लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसने शिकवण्याची जी रीत रूढ केली, ती या वयोगटाला विशेष उपयोगी आहे, कारण आधार हळूहळू कमी करत नेण्याची सोय तिच्यात आहे.

हा आधार कमी करत नेणे घरच्या स्वयंपाकघरातही साधते. ओट्याकडे तोंड करून उभे राहिल्यास समोर भक्कम, कमरेच्या उंचीचा आधार असतो. मागे भिंतीला टेकवलेली लाकडी खुर्ची ठेवावी, प्लॅस्टिकची नव्हे, कारण ती फरशीवर सरकते. प्रथम पावले जुळवून, नंतर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी ठेवून, त्यानंतर दोन्ही पावले एकाच रेषेत टाचेला चवडा भिडवून, आणि शेवटी एका पायावर, अशा चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर आधी दोन्ही तळहात ओट्यावर, मग बोटांची टोके, मग एकच बोट, मग हात नुसते ओट्यापाशी अधांतरी, असा क्रम ठेवता येतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या मार्गदर्शनानुसार ज्यांना तिसऱ्या पायरीवर आधाराविना १० सेकंद उभे राहता येत नाही, त्यांना पडण्याचा धोका अधिक समजावा. पायरी सोपी वाटू लागली की पुढची घ्यावी. महिनोन्महिने त्याच सोप्या पायरीवर राहणे म्हणजे वेळ घालवणे होय. पायात मोजे नसावेत, मागे पट्टा नसलेली सपात तर नकोच.

यासाठी वेगळा वेळ काढणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी सिडनीच्या लिंडी क्लेमसन यांनी व्यायाम दिनक्रमातच विणण्याची पद्धत मांडली. दात घासताना पावले एका रेषेत ठेवणे, खालच्या कप्प्यातला डबा कमरेतून न वाकता गुडघे वाकवून काढणे, फडताळापर्यंत आडवे चालत जाणे अशा तिच्यातल्या सूचना आहेत. सत्तरीपुढच्या ३१७ जणांवरील चाचणीत या पद्धतीने पडण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी केले. मराठी घरांत असा व्यायाम पूर्वी न सांगता घडत असे: पाटावर जेवायला बसणे, उकिडवे बसून भाजी निवडणे, जमिनीवरून उठून पुन्हा बसणे. डायनिंग टेबल, कमोड आणि सोफा यांनी दुखऱ्या गुडघ्यांची मोठी सोय केली, यात वाद नाही. परंतु ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत त्यांनीही साठी उलटताच जमिनीशी संबंध तोडणे शहाणपणाचे नाही. गुडघ्याची झीज झालेल्यांनी मात्र हट्टाने मांडी घालू नये. त्यांच्यासाठी खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे हा व्यायाम पुरेसा फलदायी आहे. बसताना धपकन अंग टाकणे, ही मांड्यांतील ताकद ओसरल्याची पहिली खूण असते.

ताकद कोणत्या वयापर्यंत परत मिळवता येते, याचे उत्तर मारिया फियातारोने यांनी बोस्टनच्या एका वृद्धनिवासात दिले. सरासरी वय ९० असलेल्या दहा रहिवाशांकडून त्यांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम करवून घेतला आणि १९९० मध्ये नोंदवले की पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, परंतु 'आता या वयात काय व्हायचे' या वाक्याचा आधार त्याने काढून घेतला.

तोल सांभाळण्यात लक्ष देण्याचाही वाटा असतो. स्वीडनमधील उमेओ येथे लिलेमोर लुंडिन-ओल्सन यांनी वृद्धनिवासातील ५८ जणांसोबत चालता-चालता बोलून पाहिले. बोलण्यासाठी ज्यांना थांबावे लागले अशा १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. थांबावे लागणे याचा अर्थ चालणे आपोआप होण्याऐवजी मुद्दाम करावे लागत आहे, असा होतो. म्हणून सराव पक्का झाल्यावर टाचेला चवडा लावून चालताना शंभरापासून तीन-तीन कमी करत मोजणे किंवा हातात पाण्याचा पेला धरणे ही पुढची पायरी मानली जाते. चष्म्याचाही येथे संबंध येतो. एकाच भिंगात दूरचे आणि जवळचे असे दोन्ही नंबर असलेल्या चष्म्यातून जिन्याच्या पायरीकडे पाहिले की ती खालच्या, वाचनाच्या भागातून अंधुक दिसते. बाहेर चालण्यासाठी केवळ दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा अनेकांना उपयोगी पडतो.

एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या धास्तीने हिंडणे-फिरणे कमी करतो, न हिंडल्याने पाय आणखी दुबळे होतात आणि धास्ती खरी ठरते. घरच्यांची माया या चक्राला हातभार लावते. 'आई, तुम्ही बसा, मी आणते' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकणाऱ्या सासूबाईंचा उठबशीचा सगळा सराव प्रेमापोटी बंद पडतो. पडल्यावर उठता न येणे ही तर वेगळीच आपत्ती आहे. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांची वर्षभर नोंद ठेवली गेली, तेव्हा पडलेल्यांपैकी ८० टक्के जणांना निदान एकदा तरी आपले आपण उठता आले नाही आणि ३० टक्के जण तासभर किंवा अधिक जमिनीवर पडून होते. उठण्याची रीत शिकता येते: घाई न करता कुशीवर वळणे, कोपरावर आणि मग चार पायांवर येणे, रांगत खुर्ची किंवा पलंगापर्यंत जाणे, दोन्ही हात त्यावर रोवून बळकट पाय पुढे ठेवणे आणि रेटा देऊन उठणे. सोबत कोणी असताना सतरंजीवर ही रीत करून पाहिलेली असावी. खुब्यात किंवा पाठीत तीव्र वेदना असेल तर मात्र हलू नये, मदत मागवावी.

व्यायाम सुरू करण्याआधी काही गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्या लागतात. झोपून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर घेरी येण्याचे कारण पायांत नसून रक्तदाबात किंवा त्याच्या गोळ्यांत आहे. कूस बदलताना खोली गरगर फिरत असेल तर अंतर्कर्णातील कण जागचे हलल्याची शक्यता असते आणि त्यावर डोके ठरावीक क्रमाने वळवण्याचा सोपा उपचार आहे. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर त्यांचा फेरविचार व्हावा, पण त्या स्वतःहून एकदम बंद करू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पासष्टीपुढील सर्वांसाठी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. फायदा टिकतो तो सराव चालू असेपर्यंत. कॉक्रेनच्या आढाव्यात गटाने केलेला आणि घरी केलेला असे दोन्ही व्यायाम उपयोगी ठरले आहेत, आणि महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ व हास्यक्लब आधीच रोज सकाळी भरतात. या संघांनी फिरण्याच्या तासातली वीस मिनिटे बागेच्या कठड्याला धरून टाचेला चवडा लावण्यासाठी, मागे चालण्यासाठी आणि बाकावरून हात न टेकता उठण्यासाठी राखून ठेवावीत, आणि सुरुवातीला महिनाभर एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलावून पद्धत बसवून घ्यावी.